पटावर हजर

५ जानेवारी २०२६, सोमवार

पंकजाला नोकरी लागली. म्हणजे लागल्यात जमा आहे, कागदपत्रं तेवढी राहिलीत. पण मी आज स्टाफरूममध्ये "लागली" असंच सांगून टाकलं आणि सगळ्यांना चहा पाजला.

तीन वर्षांपूर्वी ही माझ्या वर्गात बारावी सायन्सला होती. बाप अजिनाथ, आई लंकाबाई. दिवाळी झाली की दोघं ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्याच्या तोंडालाच आमच्या तिसगावच्या स्टँडवर पुन्हा दिसतात. पोरगी मात्र तल्लख निघाली. नगरला राहून बी.एस्सी. करतेय, यंदा शेवटचं वर्ष. पुण्याजवळ एका भल्यामोठ्या टेक्नॉलॉजी कंपनीचं संशोधन केंद्र आहे, त्यांची माणसं तिच्या कॉलेजात आली होती. दीडशे पोरांतून दोन निवडली, त्यातली ही एक. वजनाची, मोजमापाची यंत्रं जिथं तपासतात त्या प्रयोगशाळेत ट्रेनी म्हणून घेणार आहेत. नीट काम केलं तर पुढं कायम.

फोनवर म्हणाली, "सर, त्यांना जुन्या शिक्षकाचं एक पत्र लागतंय. मी तुमचंच नाव दिलंय."

तुमचंच! सत्तावीस वर्षं फिजिक्स शिकवतोय, पण असलं नाव अजून कोणी दिलं नव्हतं. तास संपल्यावर बसून पत्र लिहिलं, इंग्रजीत. हुशार आहे, कष्टाळू आहे, हे तर लिहिलंच. पण तेवढं कोणीही लिहितं. पत्राला वजन पाहिजे म्हणून पुढं लिहिलं की बारावीच्या वर्षात तिची हजेरी चौऱ्याण्णव टक्के होती, माझा एकही तास तिनं बुडवला नाही आणि आज ती जिथं आहे तिथं वर्गातल्या शिस्तीमुळं आहे. हजेरीचं त्यांनी विचारलं नव्हतं. प्राचार्य गहिनीनाथ वाबळे सरांनी वाचलं आणि म्हणाले, "हनुमंतराव, झकास. कॉलेजचंही नाव होतंय." शिक्का मारून पाठवून दिलं.

१२ जानेवारी, सोमवार

युवा दिनाचं व्याख्यान माझं झालं. विषय मीच सुचवला होता, 'संशोधन केंद्रातील करिअरच्या संधी'. कंपनीच्या वेबसाइटवरून पदांची यादी उतरवून घेतली होती, ती फळ्यावर लिहिली. चिप डिझाइन, टेस्टिंग, डेटा, आणखी काय काय. त्यातल्या निम्म्या पदांवरची माणसं दिवसभर काय करतात हे मलाही ठाऊक नाही, पण खडूनं लिहिलं की समोरच्याला वाटतं सरांना सगळं येतं. दर दोन वाक्यांमागं "आपली पंकजा" म्हणत होतो.

पटावर बासष्ट, समोर बसलेली बेचाळीस. बाकीची वीस कुठं आहेत ते अख्ख्या गावाला माहीत आहे.

प्रश्न विचारा म्हटलं. पहिला प्रश्न आला, "सर, तितं ऱ्हायला खोली देत्यात का?" दुसरा, "मेसचं जेवान कसं आसतं?" मग मागच्या बाकावरून बजरंगनं विचारलं, "सर, तितं एकट्याला घेत्यात का जोडी लागती?"

वर्ग खो खो हसला. ऊसतोडीत दोन माणसं मिळून एक कोयता धरतात, बहुतेक नवरा-बायको. एकट्या माणसाला मुकादम टोळीत घेत नाही. बजरंगनं गंमत केली की खरंच विचारलं, कळायला मार्ग नव्हता. मी म्हटलं, "एकट्यालाच घेतात बाबा. तिथं कोयता चालवायचा नसतो, डोकं चालवायचं असतं." टाळ्या पडल्या.

घरी येईपर्यंत त्या वाक्यावर खूश होतो. रतनला सांगितलं तर ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "कोयता काय बिनडोक्यानं चालतो का? अजिनाथभाऊंच्या पुढं म्हणून दाखवा एकदा." माझ्या बायकोला विनोद म्हणून कळत नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

हे लिहू नये असं वाटतंय, म्हणूनच लिहितो.

दुपारी वाबळे सरांच्या केबिनमध्ये बसलो होतो. मोबाईल वाजला. पुण्याहून, कंपनीतून, हर्षल नावाचा अधिकारी. मी सरांना खूण केली आणि फोन स्पीकरवर टाकला. कौतुक ऐकवायचं होतं, दुसरं काय.

आवाज तरुण, बोलणं अदबीचं. "सर, एक छोटीशी शंका होती. तुमच्या पत्रात पंकजाची बारावीची हजेरी चौऱ्याण्णव टक्के आहे. पण तिने अर्जात लिहिलंय, बारावीत असताना नोव्हेंबर ते फेब्रुवारी ती आईच्या जागी ऊसतोडीला गेली होती. तिथे कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्या किती किती तास थांबतात याची तिने चार महिने रोज नोंद ठेवली. कुठल्या वेळी ऊस भरून पाठवला तर तो वाळत नाही आणि वजन घटत नाही, हे तिने टोळीला काढून दिलं. आमच्या पॅनेलला तिचं हेच काम आवडलं. खरं सांगायचं तर निवड त्याच्यावरच झाली. पण मग ती एकाच वेळी दोन्हीकडे कशी?"

मला ती नोंद ठाऊकच नव्हती. पोरगी परत आली, प्रॅक्टिकल दिली, परीक्षेत एक्याऐंशी टक्के पाडले. चार महिने तिथं काय केलंस, हे मी एकदाही विचारलं नाही.

मी वाबळे सरांकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. अगदी सावकाश.

मी म्हणालो, "आमचं रेकॉर्ड बरोबर आहे."

"म्हणजे तिने जे लिहिलंय ते..."

"मुलं जरा वाढवून सांगतात हो. सुट्टीत गेली असेल चार दिवस."

तो म्हणाला, "बरं सर. थँक यू." फोन बंद झाला. वाबळे सर म्हणाले, "बरोबर बोललात, दुसरं काय बोलणार होता," आणि शिपायाला दोन चहा सांगितले. मी तो चहा प्यायलो.

१७ जानेवारी, शनिवार

सकाळचं कॉलेज. हजेरी घेतली. डोकं दुखतंय.

'चार दिवस' मला कोणी पढवलं नव्हतं. तोंडातून आपोआप आलं. इतक्या सफाईनं खोटं बोलता येतं, हे माझं मलाच माहीत नव्हतं.

१९ जानेवारी, सोमवार

खरं काय ते इथं तरी लिहून ठेवतो.

तिच्या बारावीच्या वर्षी दिवाळीनंतर पंकजा स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. "सर, आईची कंबर धरलीया. वडलांना जोडी नाही. मला जावं लागतंय. माझं नाव काटू नका." पंचाहत्तर टक्के हजेरी नसेल तर बोर्ड परीक्षेला बसू देत नाही. मी म्हटलं, तू जा, मी बघतो. आणि चार महिने रोज तिच्या नावापुढं 'ह' लिहिला. मला ते पुण्यकर्म वाटत होतं. चारचौघांत नाही, पण घरी सांगायचो, की मी होतो म्हणून ती पोरगी शिकली.

त्या वर्षी असे सतरा होते. सतराही जणांना मी हजर ठेवलं. सतरा नावं कमी झाली असती तर एक तुकडी बंद पडली असती आणि तुकडीबरोबर मी अतिरिक्त ठरलो असतो. बदली कुठं झाली असती देव जाणे, भंडारदऱ्याकडंसुद्धा पाठवतात. म्हणजे पुण्य केलं ते केलं, पण फुकट केलं नाही.

आणि यंदा तिची धाकटी बहीण दिशा माझ्याच वर्गात आहे. वर्गात म्हणजे पटावर. लंकाबाईची कंबर काही सुधारली नाही, आता बापाबरोबर दिशा जाते. शुक्रवारी मी तो फोन घेतला आणि शनिवारी सकाळी दिशाच्या नावापुढं 'ह' लिहिला. हात जरासुद्धा अडखळला नाही, इतकी सवय झालीय.

रतनला आज सगळं सांगितलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "मग त्या पोरीचं काय होणार?" मी म्हटलं, "कंपनी मोठी आहे, एवढ्याशा गोष्टीवरून काही करत नाहीत." ती उठून आत गेली.

२३ जानेवारी, शुक्रवार

पंकजाचा फोन. ऑफर थांबवलीय.

"सर, कायतरी घोटाळा झालाय. त्यांना वाटतंय मी अर्जात खोटं लिहिलंय. तुमच्या पत्रात हजेरीचं आलंय ना, ते चुकून झालं असंल. तुम्ही त्यांना एकदा सांगाल का?"

चुकून, म्हणाली. म्हणजे मी फोनवर काय बोललो ते तिला कोणी सांगितलेलं नाही. हे कळल्यावर मला जो धीर आला त्याचीच आता शिसारी येतेय.

मी विचारलं, "ती नोंदीची वही आहे का तुझ्याकडं?"

"पत्र्यातनं गळत होतं सर, मागच्या पावसाळ्यात भिजून लगदा झाला. मी त्यांना म्हणाले टोळीतल्या कुणालाबी विचारा. ते म्हणाले, कॉलेजचा कागद लागंल. चार तारखेपर्यंत मुदत दिलीया."

"बघतो," म्हणालो.

"तुम्ही सांगितलं की झालंच सर," असं म्हणून तिनं फोन ठेवला. आवाजात काळजी नव्हतीच. तिनं ती माझ्यावर सोपवून टाकली होती.

२७ जानेवारी, मंगळवार

सकाळी दहाला कॉलेजच्या फाटकात अजिनाथ. कोल्हापूरकडच्या कारखान्यावरून रात्रभर एस.टी.नं आला होता. अंगावर उसाची कुसळं तशीच. एक दिवस फड सोडून यायचं म्हणजे मुकादमाचं काय काय ऐकून आला असेल. हातातल्या पिशवीत माझ्यासाठी उसाची चार कांडी होती.

"राम राम सर. आवं, ते कंपनीवाले म्हनत्यात आमची पोरगी खोटं बोलली. ऊस तोडाया गेलीच न्हवती म्हनत्यात. माझ्या संगं हुती की वो चार म्हयने! माझ्यापरीस जास्त मोळ्या बांधायची. येक कागुद द्या सर. पोरगी कालिजात न्हवती, येवढं लिवून द्या."

सत्तावीस वर्षांत पालक यायचे ते हजेरी लावा म्हणायला. हात जोडायचे, मामाची ओळख सांगायचे, कोणी कोणी तर डोळ्यांत पाणी आणायचे. पोरगी गैरहजर होती असं लिहून द्या म्हणणारा हा पहिलाच. दुसरी कुठली वेळ असती तर मी हे स्टाफरूममध्ये रंगवून सांगितलं असतं.

मी म्हटलं, "असा दाखला नसतो अजिनाथभाऊ. नियमात बसवून बघावं लागेल."

"तुमी बगा. तुमी त्या साली नाव काटलं न्हाई म्हून ती हितवर आली. आमी तुमाला देवाच्या जागी मानतो. आता दिशाचं बी तुमच्याच हातात हाय."

तो हे उपकार म्हणून बोलत होता. मला मात्र ते धमकीसारखं ऐकू आलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हे.

"चहा घ्या" म्हटलं तर थांबला नाही. दुपारच्या गाडीनं परत जायचं होतं, दिशा तिकडं दुखणाईत आईला घेऊन कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, होती. जाताना मागं वळून म्हणाला, "मंग मी पोरीला सांगू ना, सर देत्यात म्हून?" मी मान हलवली. कुठल्या बाजूला हलवली ते मला आठवत नाही. त्याला 'हो' दिसली असणार, कारण तो हसत गेला.

२८ जानेवारी, बुधवार

वाबळे सरांकडं गेलो. दाखला द्यावा म्हणतो, असं सांगितलं. ते रागावले नाहीत. उद्या ऊन पडेल म्हणावं तशा आवाजात बोलले.

"द्या की. पण मग हेही लिहा, चार महिने खोटी हजेरी कोणी लावली. सही कोणाची आहे हजेरीच्या कॅटलॉगवर?"

"माझी."

"आणि यंदाची वीस पोरं? हे बाहेर पडलं तर बोर्ड मागचं पुढचं सगळं काढणार. दहा तारखेला पेपर आहे. एकीच्या नोकरीसाठी वीस जणांचं वर्ष घालवायचं?" मग म्हणाले, "जूनमध्ये उपप्राचार्य नेमायचाय. तुमचं नाव मी संस्थेकडं पाठवलंय, माहीत आहे ना?"

वीस पोरांचं ऐकून मी गप्प झालो, असं इथं लिहायला मला फार आवडलं असतं. वीस पोरांचं ऐकून थोडा गप्प झालो. उपप्राचार्यपदाचं ऐकून पुरता.

१ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर कंपनीला पत्र लिहीत बसलो. चार खर्डे झाले. गंमत अशी की दर खर्ड्यात मी आधीच्यापेक्षा चांगला माणूस होत गेलो. चौथ्यात तर मी गरीब विद्यार्थ्यांसाठी जिवाचं रान करणारा, आणि एक किरकोळ नोंद अनवधानानं चुकलेला, असा शिक्षक होतो.

रतनला वाचायला दिलं. तिनं चष्मा लावून वाचलं.

"अनवधानानं म्हणजे काय हो?"

"चुकून."

"चार महिने, रोज, चुकून?"

मी म्हटलं, "तुला काय जातंय बोलायला. नोकरी गेली तर खाणार काय?" ती म्हणाली, "नोकरी तिची चाललीय, तुमची कुठं?" आणि कागद माझ्यापुढं ठेवला. चारही खर्डे फाडले. पाचवा लिहिला नाही. अजून तीन दिवस आहेत.

४ फेब्रुवारी, बुधवार

पाच वाजता पंकजाचा फोन. आज मुदत संपत होती. मी सकाळपासून मोबाईल कपाटात ठेवला होता, तरी वाजला तेव्हा लगेच ऐकू आला.

"सर, तुम्ही आता काय करू नका. मी त्यांना मेल केलाय. लिहिलं, की सुट्टीत चार दिवस गेले होते, बाकीचं वाढवून लिहिलं, माफ करा."

चार दिवस. वाढवून. माझेच शब्द, जसेच्या तसे. म्हटलं, "असं का लिहिलंस?"

"हर्षल सरांनी मागच्या आठवड्यात सांगितलं, तुमचे सर असं असं म्हणाले. मग मी तेच लिहिलं. दोन्हीकडनं एकच आलं म्हंजे त्यांनाबी पुढं चौकशी करायची गरज नाही."

म्हणजे आठवडाभर तिला माहीत होतं. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "दिशाचा पेपर दहाला आहे सर. आणि आजून एकोणीस जण हायेत. मी माझं खरं धरून बसले तर तुमची हजेरी खोटी पडती, मग त्यांना कोण बसू देतंय. मला काय, कुठं ना कुठं लागंल."

"अगं पण..."

"राहू द्या सर. तुम्ही तेव्हा नाव काटलं असतं तर माझी तर बारावीच झाली नसती."

हे ती टोमणा म्हणून बोलली असती तर किती बरं झालं असतं.

फोन ठेवला आणि मला आधी हायसं वाटलं. लिहिताना कानशिलं तापलीत, पण खरं तेच आहे. सुटलो, असं वाटलं. लाज मागून आली, उशिरा येणारं पोर वर्गाच्या दारात येऊन उभं राहतं तशी. आणि आली ती अजून हललेली नाही. बावन्न वर्षांचा मी, एकवीस वर्षांच्या पोरीच्या आड लपलो.

५ फेब्रुवारी, गुरुवार

पहिला तास सोडून मैदानाच्या कडेला गेलो आणि हर्षलला फोन लावला. स्पीकर नाही, कोणी जवळ नाही. म्हटलं, "पंकजानं अर्जात लिहिलं ते अक्षर न् अक्षर खरं आहे. ती चार महिने ऊसतोडीला होती. हजेरी खोटी आहे. ती मी लावली. तुमच्याशी फोनवर मी खोटं बोललो. आणि तिचा कालचा मेल, तोही खोटा आहे. तो तिनं मला वाचवायला लिहिलाय."

पलीकडून की-बोर्डचा आवाज आला, तिची फाईल उघडत असावा.

"सर," तो म्हणाला, "हे सोळा तारखेला सांगितलं असतं ना..."

"चुकलं माझं."

"काल तिने स्वतःच लिहून दिलंय, अर्जातली माहिती खोटी आहे. ते आता फाईलला लागलं. वेटिंगवरच्या मुलाला आज सकाळी कळवलं. आणि तुमचं म्हणणं मानलं तरी, अर्ज खरा असेल तर कालचा मेल खोटा. कसंही धरलं तरी तिच्या नावावर एक खोटं राहतंच. आमच्याकडे याला माफी नाही हो."

"ते खोटं माझं आहे."

"कळतंय सर. पण सही तिची आहे."

मी तरी पाचवा खर्डा लिहिला, चार ओळींचा. सही केली, पाठवला. एक प्रत वाबळे सरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी वाचली, उलटी करून ठेवली आणि परीक्षेच्या बैठक व्यवस्थेचं काम बघू लागले. बैल गेला अन् झोपा केला. ज्या पत्रानं तीन आठवड्यांपूर्वी तिची नोकरी वाचली असती, त्याच पत्रानं आज फक्त माझी छाती थोडी हलकी झाली.

पंकजाला फोन करायचं धाडस झालं नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज इंग्रजीचा पेपर. वीसच्या वीस पोरं आली. कोणी काल रात्री पोचलं, कोणी आज पहाटे टेम्पोतून उतरून थेट केंद्रावर. चार महिन्यांनी एकेकाचा चेहरा दिसत होता. दोघांना तर मी चटकन ओळखलंच नाही, रोज त्यांच्या नावापुढं 'ह' लिहीत होतो तरी.

दिशा सव्वादहाला आली. उन्हानं रापलेली, केस चापून बसवलेले, हातात नवं पेन. हॉल तिकीट माझ्याकडंच होतं, ते घ्यायला पुढं झाली. मी तिला बाजूला घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. तुझ्या ताईची नोकरी माझ्यामुळं गेली. ती खोटं बोलली नव्हती, मी बोललो. घरी कोणी काही म्हणालं तर माझं नाव सांग.

तिनं हॉल तिकीट घेतलं. "बरं सर," म्हणाली आणि आत गेली.

ती दिसेनाशी झाल्यावर मी काय केलं ते माझ्या ध्यानात आलं. पेपरच्या तोंडावर असलं कोण सांगतं? तीन आठवडे तोंड मिटून बसलो, आणि उघडलं तेव्हा पोरगी परीक्षेला निघाली होती. माझं ओझं उतरवायला मला तेवढीच सापडली. यंदा पर्यवेक्षक बाहेरचे, मला आत जाता येईना. तीन तास फाटकाबाहेर उन्हात उभा होतो. शिपाई दोनदा खुर्ची घेऊन आला, बसवलं नाही.

दोनला घंटा झाली. मुलं लोंढ्यानं बाहेर आली. दिशा सगळ्यांच्या मागं होती. मला पाहून थांबली.

"कसा गेला?"

"गेला बरा. पत्राचा प्रश्न जरा लांबला." पेनाचं टोपण लावत ती तशीच उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "सर, मगाशी तुमी बोलला ना, ते मला ठावं हुतं. ताईनं मला कवाच सांगितलं हुतं. वडलांना पन ठावं हाय."

मी म्हटलं, "मग बोलली का नाहीस?"

"ताईनं शपथ घातली हुती. सरांसमोर काय माहीत नसल्यावानी ऱ्हा म्हनली. त्यांना लाज वाटंल."

एवढं बोलून तिनं खाली वाकून नमस्कार केला आणि मैत्रिणींच्या मागं स्टँडकडं निघून गेली. मला पाय मागं घ्यायलाही सुचलं नाही.